व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे?

आज आपण कुलगुरूंच्या खुर्चीची गोष्ट करणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात ही खुर्ची कुठून आली म्हणाल, तर ती आली एका फॉर्ममुळे.

वरोऱ्याजवळच्या एका गावात ग्रामसंघाच्या नव्या पदाधिकाऱ्यांची निवड होती. अध्यक्षपदासाठी एकाच मावशीचे नाव सगळ्या गटांतून पुढे आले. या मावशी बारा वर्षांपासून आपल्या गटाच्या कोषाध्यक्ष आहेत. कोणी कितव्या महिन्यात किती कर्ज उचलले, कोणाचा हप्ता सोयाबीन विकल्यावर येणार आणि कोणाचा कापूस विकल्यावर, हे त्यांना वही न उघडता सांगता येते. शेळीला काय झाले आहे ते तिच्या डोळ्यांकडे पाहून ओळखतात. बँकेत साहेबांसमोर उभे राहून बोलतात. आम्ही फॉर्म भरायला घेतला. नाव झाले, वय झाले. पुढचा रकाना होता शिक्षण आणि त्याच्या पुढचा व्यवसाय.

मावशींचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "मले नका करू जी अध्यक्ष. मी चवथी शिकलेली. अन् व्यवसाय कायचा? लिवा ना, काही नाही म्हणून."

बाजूच्या दोघीतिघींनीही माना हलवल्या, म्हणजे त्यांचेही तेच मत. निवड पुढच्या बैठकीपर्यंत थांबली.

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही पटकन उत्तर सुचले नाही. आम्ही बी.ए. झालो आहोत, तरी आमच्या स्वतःच्या फॉर्मवर या रकान्याशी आम्ही अडखळतोच. नोकरी लिहावी तर मिळते ते मानधन. गृहिणी लिहावे तर सकाळी नऊला घराबाहेर पडतो आणि दिवे लागल्यावर परततो. गावात पशुसखी आहेत, बँकसखी आहेत, कृषिसखी आहेत. शासनाच्या योजनेत हे शब्द आहेत, पण दुसऱ्या कोणत्या कार्यालयात "पशुसखी" सांगितले की समोरचा विचारतो, "म्हणजे नेमके काय?" तर मावशींना काय सांगावे या विचारात आम्ही जुनी पुस्तके चाळली, आणि शेवटी पोहोचलो ते विद्यापीठाच्या सर्वांत मोठ्या खुर्चीपाशी. या खुर्चीत आजवर कोण कोण बसले आणि बसण्याआधी ते कोण होते, ते एकदा पाहाच.

आधी शब्दाचे सांगू. आपल्या महाराष्ट्रात विद्यापीठाचे कुलपती म्हणजे राज्यपाल. रोजचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो ते कुलगुरू. गुरू म्हटले की आपल्याला वाटते, आयुष्यभर कॉलेजात शिकवून केस पिकलेला माणूस. आजच्या नियमाप्रमाणे ते बरोबरही आहे. पण पूर्वी असे नव्हते. आपले नागपूर विद्यापीठ १९२३ साली सुरू झाले, त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे वकील होते. पुणे विद्यापीठ १९४८ चे, त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तेही कायद्याच्या आणि राजकारणाच्या क्षेत्रातले. कोर्टात उभा राहणारा माणूस विद्यापीठ कसा चालवणार, असा प्रश्न त्यांच्याबद्दल आम्ही कुठे वाचला नाही. वकील म्हणजे हुशार, हुशार म्हणजे काहीही चालवू शकेल, एवढे गृहीत होते. बाईच्या बाबतीत मात्र असे काहीच गृहीत धरले जात नाही, तिने स्वतःसुद्धा धरलेले नसते.

आता महिला विद्यापीठाकडे येऊ. धोंडो केशव कर्वे हे नाव तुम्ही ऐकलेले असणार. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले. त्यासाठी त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर एक झोपडी उभारून तो तिथे नेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चिखलाची वाट तुडवत आश्रमात जायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. एक गोष्ट झाकून ठेवू नये. सुरुवातीला हा आश्रम ब्राह्मण विधवांपुरताच होता. पन्नास वर्षे आधी, १८४८ साली, त्याच पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती आणि ती जात पाहून काढली नव्हती. हे मनात ठेवूनच पुढचे ऐकायचे.

जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. आपल्याकडेही असे का होऊ नये, म्हणून १९१६ साली त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. त्यांचे वय तेव्हा ५८ होते. आपल्याकडे ५८ व्या वर्षी सरकारी माणसाला शाल, श्रीफळ आणि निरोप देतात. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती असाव्यात? पाच. आपला गट सुरू करायलाही दहा बाया लागतात! मुलींना मातृभाषेत शिकवायचे, इंग्रजी एक विषय म्हणून ठेवायचा, आरोग्य आणि घरकारभार हे शिकण्याचे विषय मानायचे, असे तिथले धोरण होते. पदवीला नाव दिले "गृहीतागमा". सरकारने मात्र ही पदवी मानली नाही. कायद्याची मान्यता मिळाली १९५१ साली. म्हणजे पस्तीस वर्षे या बायका जी पदवी घेत होत्या, तिला सरकारी कचेरीत मोल नव्हते. आपल्या गटाच्या पहिल्या वह्या आठवा. बँक ज्या वहीकडे ढुंकूनही पाहत नव्हती, ती वही आपण दर आठवड्याला लिहीतच होतो ना?

अशी संस्था प्रत्यक्ष चालवली कोणी? कर्व्यांचे नाव पुढे आहे, पण हिंगण्याचा रोजचा गाडा पार्वतीबाई आठवल्यांनी ओढला. या कर्व्यांच्या मेहुणी, कोकणातल्या देवरुखच्या. विशीत विधवा झाल्या. पदरात मूल. आश्रमात आल्या, शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुढे आश्रमाच्या प्रमुख झाल्या. गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायचे काम त्यांच्याकडे होते. सभेत उभे राहून पैसे मागायचे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. इंग्रजी येत नाही ही त्यांची खंत होती. संस्थेसाठी बाहेरच्या लोकांशी बोलायचे तर इंग्रजी यायला हवे, म्हणून १९१८ साली, ४८ व्या वर्षी, ही नऊवारी नेसणारी बाई एकटी बोटीने अमेरिकेला निघाली. तिथे पैसे संपले तेव्हा लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले. भांडी घासली आणि भाषा शिकली. परत येऊन पुन्हा कामाला लागली. त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली आहे, "माझी कहाणी" या नावाने. मोठ्या संस्थेची प्रमुख आणि परक्या देशातली मोलकरीण, दोन्ही एकच बाई. तिच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तुम्ही काय लिहिले असते?

आता ज्यांच्यासाठी हे सगळे सांगतो आहोत, त्या प्रेमलीलाबाई. १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले. त्या काळचे १५ लाख! त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला मिळाले: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज मुंबईत एस.एन.डी.टी. म्हणतात ते हेच. प्रेमलीलाबाई या सर विठ्ठलदासांच्या पत्नी, जन्म १८९४ चा. नवऱ्याला "सर" पदवी होती म्हणून त्यांना "लेडी ठाकरसी" म्हणत. तिशीच्या आगेमागे त्याही विधवा झाल्या. घरात पैसा होता, वाडे होते. पांढरे नेसून देवघरात बसल्या असत्या तर कोणी काही म्हटले नसते. पण त्या विद्यापीठाच्या कामात शिरल्या, गांधीजींच्या कामात शिरल्या.

पुण्यात त्यांचा "पर्णकुटी" नावाचा बंगला होता. १९३३ च्या मे महिन्यात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकारने त्यांना त्याच दिवशी सोडले आणि पुढचे सगळे दिवस ते पर्णकुटीत होते. आपल्या घरी एक पाहुणा दोन दिवस आजारी पडला तर काय तारांबळ उडते! इथे तर सगळ्या देशाचे डोळे त्या एका खाटेकडे लागलेले. डॉक्टर येणार, पुढारी येणार, बातमीदार येणार, तारा येणार. कोणाला आत सोडायचे, कोणाला दाराशी थांबवायचे, रात्री कोणी जागायचे, स्वयंपाक किती लोकांचा करायचा. उपोषण पार पडले आणि पुढच्याच महिन्यात त्याच घरात गांधीजींचे चिरंजीव देवदास यांचे लग्नही झाले. १९४४ साली आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी पुन्हा तिथेच उतरले. कस्तुरबा तेव्हा नुकत्याच कैदेत गेल्या होत्या. त्यांच्या नावाने गावोगावच्या बाया आणि मुलांसाठी जो न्यास निघाला, त्याच्या अध्यक्षपदाची जबाबदारीही प्रेमलीलाबाईंनी पुढे अनेक वर्षे सांभाळली.

या बाई १९५१ साली, महिला विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली तेव्हा, त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. प्राध्यापकी कधी केलेली नव्हती. संशोधन नव्हते. वर्गात फळ्यासमोर उभे राहून पोट भरलेले नव्हते. पण विद्यापीठाला पैसा कुठून येतो, कोण देतो, कोण नुसताच देतो म्हणतो, कोणत्या पालकाला मुलगी शहरात पाठवायची भीती वाटते, वसतिगृहात काय असले की ती भीती कमी होते, हे त्यांनी वर्षानुवर्षे आतून पाहिले होते. १९७५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. जुहूला आजही त्यांच्या नावाचे तंत्रनिकेतन आहे.

हे सगळे आम्ही मावशींना सांगितले. निवड अडली होती ना, म्हणून पुढच्या बैठकीच्या आधी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. त्या शेळ्यांना पाला टाकत ऐकत होत्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ताई, थे पैशावाली होती. नवऱ्याचं नाव होतं. तिले कोन नाही म्हनन?"

आम्ही गप्प. बरोबरच बोलल्या त्या. घराण्याच्या १५ लाखांनी जे दार उघडले, ते दार दुसऱ्या कोणासाठी उघडलेच नसते.

मग आम्हाला आठवल्या आपल्याच भागातल्या जाईबाई चौधरी. जन्म उमरेडचा, १८९२ चा, दलित घरातला. दुष्काळाने घर नागपूरला आले. जाईबाईंनी हमाली केली, डोक्यावर ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकल्या आणि शाळेत शिक्षिका म्हणून चार रुपये महिन्यावर लागल्या. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर पालकांनी मुले काढून घ्यायला सुरुवात केली आणि नोकरी गेली. पुन्हा हमालीवर आल्या. त्याच बाईंनी १९२० नंतरच्या काळात नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली आणि ती चालवून दाखवली.

आता दोघींना शेजारी ठेवून पाहा. प्रेमलीलाबाई आणि जाईबाई एकाच पिढीतल्या. दोघींनी बायांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातले. दोघींपैकी एकीनेही प्राध्यापकी केलेली नव्हती. एक कुलगुरू झाली, दुसरीला चार रुपयांच्या नोकरीतून काढून टाकले. रुळलेली वाट सोडून चालणाऱ्या माणसांचे कौतुक करताना हे विसरू नये. वाट नसलेल्या रानातून चालायला सगळ्यांनाच सारखी सूट नसते. काहींच्या पाठीशी गिरणी असते. काहींच्या डोक्यावर ओझे असते.

म्हणून नियमाबद्दल आमचे मत सरळ नाही. आज कुलगुरू व्हायला साधारणपणे १० वर्षे प्राध्यापक म्हणून काम केलेले असावे लागते. या नियमाने पाहिले तर प्रेमलीलाबाईंचा अर्ज पहिल्याच टेबलावर बाजूला पडेल. पण कागदावर लिहिलेला नियम ही गरिबाची शिडीही असते. ओळख नाही, आडनाव मोठे नाही, वशिला नाही, अशी मुलगी पायरी मोजत वर जाऊ शकते. "आम्हाला योग्य वाटले म्हणून नेमले" असे चालू लागले की पहिला फायदा ओळखीच्या माणसांचा होतो, हे आपण गावातसुद्धा पाहतो. २०२५ च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमांचा एक मसुदा काढला. त्यात प्राध्यापकांसोबत उद्योग, प्रशासन, सार्वजनिक धोरण या क्षेत्रांत वरच्या पदावर १० वर्षे घालवलेल्या आणि विद्वत्तेचे काम दाखवता येणाऱ्या माणसांनाही कुलगुरूपदाची वाट मोकळी करण्याचे सुचवले होते. त्यावर मोठा वाद झाला. काही राज्य सरकारांनी विरोध केला, त्यात निवडीचा अधिकार कोणाकडे हा मुद्दा मोठा होता. तो वाद वाचताना आमच्या मनात वेगळेच आले. दार जर थोडे उघडायचेच आहे, तर कंपनीतल्या वर्षांसोबत आश्रमातली, वसतिगृहातली, दवाखान्यातली वर्षे कोण मोजणार? वर्षे तीच, अंगावर काढलेली रात्रही तीच.

दवाखान्यावरून एक गोष्ट सांगतोच. डॉ. स्नेहलता देशमुख या लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर होत्या. मुंबईच्या शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या. १९९५ ते २००० या काळात त्या मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. सगळे आयुष्य पाळण्यातल्या बाळांच्या आणि त्यांच्या आयांच्या सोबतीत गेलेले. अशा बाईने विद्यापीठात येऊन काय केले? विद्यार्थ्याच्या नावासोबत कागदावर आईचे नाव लावण्याचा निर्णय त्यांच्या काळात झाला. तुमच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर आज तुमचे नाव असते ना? त्या रीतीच्या आरंभी ही बाई आहे. ज्याने शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेली आई रोज पाहिली आहे, त्यालाच हे सुचणार असे आम्हाला वाटते. नेहमीच्या वाटेने न आलेला माणूस सोबत काय घेऊन येतो, याचे याहून चांगले उदाहरण आमच्याकडे नाही.

बडोद्याचे उदाहरणही आहे. मराठी घराण्याच्या त्या संस्थानात १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले, त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या, संविधान सभेत बसलेल्या. जगाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात "सगळे पुरुष" असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती, ती बदलून "सगळी माणसे" करायला लावली ती यांनीच. मुले आणि मुली दोन्ही शिकतात अशा विद्यापीठाची सूत्रे हाती घेतलेली आपल्या देशातली पहिली बाई म्हणून त्यांचे नाव घेतात.

आणि इतके दूर कशाला जायचे? आपल्या वरोऱ्यातच पाहा. बाबा आमटे इथे वकिली करत होते. नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. त्याच काळात भंगी कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी स्वतः मैल्याच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या. नंतर पावसात पडलेला एक कुष्ठरोगी त्यांना दिसला, त्याला पाहून आधी ते घाबरले आणि मग त्या भीतीचाच पिच्छा त्यांनी पुरवला. कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरच्या उपचारांचे शिक्षण घेतले. १९५१ साली साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये घेऊन माळरानावर आनंदवन मांडले. सुरुवातीला आनंदवनची भाजी आणि दूध घ्यायला गावातले लोक तयार नव्हते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सांगतील. खाली मान घालून सांगतील.

त्याच आनंदवनात १९६४ साली कॉलेज उघडले, आनंदनिकेतन. आणि त्याच्या पाठोपाठ शेतकी कॉलेज. इमारती उभारल्या रोग्यांनी, बोटे झडलेल्या हातांनी विटा वाहून. ज्या गावाने भाजी नाकारली त्याच गावाची मुलेमुली तिथे पदवी घ्यायला जाऊ लागली. आमच्यातल्या कितीजणी त्याच कॉलेजात शिकल्या! तेव्हा वर्गात बसून आम्हाला कधी सुचले नाही की ही भिंत कोणी बांधली. आज सांगताना लाज वाटते. बाबांनी पुढे मूल तालुक्यातल्या सोमनाथला "श्रमिक विद्यापीठ" ही कल्पना मांडली, तिथे उन्हाळ्यात देशभरातली मुले येऊन कुदळ हातात घेत. या विद्यापीठाला कायद्याची मान्यता नव्हती, पदवी नव्हती. नागपूर विद्यापीठाने मात्र बाबांना सन्मानाची डी.लिट. दिली.

आणि साधनाताई? नागपूरच्या घुल्यांच्या घरातली मुलगी. रोग्यांचा स्वयंपाक, गाईगुरे, आल्यागेल्याचे पान, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. आनंदवन हे जर विद्यापीठ धरले तर त्याच्या कुलगुरू कोण, याचे उत्तर आम्ही तरी एकाच नावाने देणार नाही.

२०११ पासून आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचे वेगळे गोंडवाना विद्यापीठ झाले आहे. (वरोऱ्याहून नागपूरला गाडी सरळ जाते, गडचिरोलीला जायचे तर बस बदलावी लागते, हा भाग वेगळा!) शिवाय एक गंमत तुम्ही पाहिली का? आपल्याकडे विद्यापीठांना नावे कोणाची आहेत? नागपूरला तुकडोजी महाराज, अमरावतीला गाडगेबाबा, जळगावला बहिणाबाई चौधरी. बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हते. यांच्यापैकी एकालाही आजच्या नियमाने स्वतःच्या नावाच्या विद्यापीठात शिपाई म्हणूनही घेतले नसते. पाटीवर चालतात, अर्जात चालत नाहीत.

तर जाईबाईंचे ऐकून झाल्यावर मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी एक प्रश्न विचारला आणि आम्ही चाटच पडलो. म्हणाल्या, "ताई, थे फॉर्मवर शिक्षन लिवलं आहे ना, थे कायले लिवलं? चवथीवाल्याले चालत नाही असं लिवलं आहे का कुठं?"

आम्ही फॉर्म पुन्हा उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला. ग्रामसंघाचे नियमही वाचले. अध्यक्षाने नियमित बचत केलेली असावी, कर्ज थकलेले नसावे, बैठकीला हजर असावे. शिक्षणाची अट कुठेच नव्हती. तो रकाना नुसत्या माहितीसाठी होता. बारा वर्षे हिशोब पाहणाऱ्या बाईने आणि आम्ही बी.ए. झालेल्यांनीही, न वाचताच त्या रकान्याला अट मानले होते. कुलगुरूंसाठी निदान कागदावर छापलेला नियम तरी आहे. आमच्या फॉर्मवर तर काहीच छापलेले नव्हते.

पुढच्या बैठकीत मावशींचा फॉर्म भरला. शिक्षण: चौथी. व्यवसायाशी आम्ही पेन थांबवले आणि त्यांच्याकडे पाहिले. बायांमध्ये चर्चा सुरू झाली. एक म्हणाली शेती लिहा, दुसरी म्हणाली शेती तर दिराच्या नावावर आहे. तिसरी म्हणाली शेळीपालन. मावशींनी सगळ्यांचे ऐकून घेतले.

"शेळीपालन लिवा," त्या म्हणाल्या, "अन् बाजूले लिवा, बारा वर्षांपासून गटाचा हिशोब."

रकाना लहान होता. अक्षर बारीक करून लिहावे लागले.